सायबेरियन की नॉर्वेजियन?

२ एप्रिल
स्तामेनाला मांजर हवं आहे. आज सूप पिता पिता म्हणाली. मी चमचा खाली ठेवला.
आमचं लग्न झाल्यापासून या घराचा एक नियम आहे: केस फक्त माणसाच्या डोक्यावर. तिने आजवर तो मुकाट्याने पाळला. आता मुलगी ऑस्ट्रियात ग्राझला नोकरीला गेली आणि हिला म्हणे घर खायला उठतं. मी म्हणालो, मी आहे की घरात. त्यावर तिने माझ्या वाटीत आणखी सूप वाढलं.
जेवण झाल्यावर मोठ्या मनाने परवानगी दिली. मात्र सिलेक्शन माझं.

४ एप्रिल
स्तामेनाचं म्हणणं, कुठलंही चालेल, मऊ असलं म्हणजे झालं. माणसं फसतात ती अशी.
मी उभा जन्म कस्टम्समध्ये काढला आहे. हंगेरीच्या बॉर्डरवर ड्रायव्हर काच खाली करायच्या आत डिकीत काय आहे ते मी ओळखायचो. मांजर तर उघडाच माल.
एक अट. लांब केसांचं हवं. केसांची मला किळस आहे, पण शेजारच्या ग्वोझ्देनकडे लांब केसांचं आहे. नॉर्वेजियन. त्याच्या भिंतीवर बसतं आणि माझ्या अंगणाकडे असं बघतं, जसा इन्स्पेक्शनला आलेला साहेब. हे किती दिवस सहन करायचं?

७ एप्रिल
अभ्यास सुरू. तीन जाती: सायबेरियन, नॉर्वेजियन, मेन कून. सामान्य माणसाला तिन्ही सारख्याच दिसतात. कुणीतरी फरची कॉलर धुऊन वाळत घातल्यासारख्या. माझ्या नजरेला मात्र फरक स्पष्ट आहे. नॉर्वेजियनचं नाक कपाळापासून सरळ खाली येतं. सायबेरियन गोल, लोणच्याच्या पिंपासारखं. मेन कूनचा जबडा चौकोनी आणि चेहरा पेन्शन अडकल्यासारखा.
स्तामेनाला तीन फोटो दाखवून परीक्षा घेतली. तिने विचारलं, एकाच मांजराचे तीन फोटो का दाखवतोयस? हिच्याकडून अपेक्षा नव्हतीच.

११ एप्रिल
ग्वोझ्देनकडे गेलो. निव्वळ अभ्यासासाठी. त्याने कॉफी आणि चेरीचा मुरांबा पुढे ठेवला. मुरांब्यात केस. लांब, करडा, चेरीला विळखा घालून बसलेला. दाखवला तर म्हणतो, "खा रे शेजारी, स्वच्छ आहे, आत्ताच चाटूनपुसून झालीय ती." हा माणूस चर्चमध्ये पुढच्या रांगेत उभा राहतो.
मांजरी माझ्या मांडीवर येऊन बसली. उठवली. पुन्हा बसली.
घरी आल्यापासून शिंका, डोळे सुजलेले. ग्वोझ्देन स्वस्तातला आफ्टरशेव्ह वापरतो, त्याचा परिणाम. स्तामेना म्हणते ॲलर्जी. आमच्या घराण्यात कुणाला ॲलर्जी नाही. माझे वडील मेंढ्यांबरोबर झोपत.

१९ एप्रिल
सुबोतिसा शहरात कॅट शो. स्पोर्ट्स हॉलमध्ये. आत पाऊल टाकताच असा भपकारा आला, जणू ओल्या स्वेटरमध्ये मासळी गुंडाळून ठेवली आहे. चांगल्या घरच्या बायका मांजरांच्या ढुंगणांवर हेअर ड्रायर फिरवत होत्या. कुठे चाललाय हा देश?
एका पिंजऱ्यापुढे थांबून सायबेरियनची लक्षणं सांगितली. चारदोन माणसं जमली. मालकीण म्हणाली, ही मेन कून आहे. मी म्हणालो, अजून वाढीचं वय असेल. ती म्हणाली, हिला नातवंडं आहेत. काही लोक विनाकारण हसले. मग मला शिंका सुरू झाल्या. बाईने पिंजऱ्यावर टॉवेल टाकला, म्हणे हिला संसर्ग नको.
स्तामेनाला शोधत गेलो. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसली होती, चांगल्या स्कर्टमध्ये. तिच्या स्कार्फमध्ये एक पिल्लू झोपलं होतं आणि ती श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती. तिचा असा चेहरा मी शेवटचा कधी पाहिला ते आठवेना.
मी म्हणालो, ऊठ, ते नॉर्वेजियन आहे.
परतताना ती गाडीत खिडकीबाहेर बघत राहिली. दमली असेल.

२ मे
निर्णय झाला: सायबेरियन. ग्वोझ्देनची नक्कल करणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय वाचलं की सायबेरियनने माणसाला शिंका कमी येतात. त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. सहज वाचनात आलं.

९ मे
आणली!
कालव्यापलीकडच्या गावात एक बाई विकते. अंगण म्हणजे घाण. कोंबड्या, चिखल आणि पायाला येऊन अंग घासणारं डुक्कर. पण माल बघताना मी वातावरण बघत नाही. कान पाहिले, जबडा चाचपला, पोटाचा घेर मोजला. सायबेरियन, शंभर टक्के. हिची आई कुठे आहे, विचारलं. बाई म्हणाली, शिकारीला गेली आहे, अस्सल सायबेरियन घरात बसत नाही. पटलं. निघताना म्हणाली, साहेब, तुमच्यासारखी नजर असलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं. खेडेगावात अजून माणसाची कदर आहे.
वाटेत मांजरी माझ्या हॅटमध्ये ओकली. हॅट कालव्यात टाकली.

१० मे
मी नाव सुचवलं, येकातेरिना, रशियाच्या सम्राज्ञीचं. स्तामेना तिला बुख्तला म्हणते. जॅम भरलेला पाव! राजघराण्यातल्या जातीला हे नाव. मांजरी मात्र त्यालाच ओ देते.
स्तामेना आज भांडी घासताना गुणगुणत होती.

१६ मे
लस टोचायला नेली. डॉक्टरीणबाईंनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "साधी मांजर आहे. केस लांब आहेत, एवढंच." मी विचारलं, तुमच्याकडे जास्त करून कोणती जनावरं येतात? म्हणाल्या, गाई. विषय संपला.
नाक बंद, डोळ्यांना धारा. पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतोय यंदा फार. खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या. बंद केल्यापासून त्रास वाढला आहे. म्हणजे कापूस आधीच आत शिरला असणार.

२१ मे
बुख्तला माझ्याच उशीवर झोपते. माझ्यावर जीव आहे तिचा, दुसरं काय. सकाळी स्लिपरमध्ये पाय घातला. आत काहीतरी गरम, ओलं, केसाळ. वर्णन करणार नाही. गिळलेल्या केसांचा गोळा, बोटाएवढा, त्यात कालचं सॉसेज. आता माझा सॉसेजवरचाही विश्वास उडाला.
चहात केस. ब्रेडवर केस. दात घासताना जिभेवर केस.
सायबेरियन फार गळत नाही म्हणतात. हा अपवादात्मक आठवडा असावा.

२४ मे
डोळे उघडत नाहीत. अंदाजाने लिहितो आहे.
आज स्तामेना हात पुसत आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "वेलिझार, आपण तिला देऊन टाकू कुणाला तरी. मी विचार केलाय."
आवाज सरळ होता. हात मात्र पुसून झाले तरी पुसतच होती.
मी स्पष्ट सांगितलं, एकदा बॉर्डर ओलांडलेला माल वेलिझार परत पाठवत नाही. माझं सिलेक्शन चुकलेलं नाही. कापूस संपला की सगळं ठीक होईल.
ती चुलीकडे वळली. जेवणात मीठ दोनदा पडलं.

३० मे
हॉस्पिटल. परवा श्वासच येईना. छातीत बासरी वाजावी तसा आवाज. स्तामेना ॲम्ब्युलन्समध्ये माझा हात धरून बसली होती. धरून कसली, दाबून. अजून दुखतोय.
डॉक्टर पोरसवदा. घरात मांजर आहे का, म्हणाला. म्हटलं, आहे, पण सायबेरियन आहे, त्यामुळे ते कारण असूच शकत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. स्तामेनाला म्हणाला, जात कुठलीही असो, ह्यांना चालणार नाही. एका छपराखाली मांजर तरी राहील नाहीतर हे तरी.
स्तामेनाने विचारलं, "विचार करायला थोडा वेळ मिळेल का?"
ती दमली होती. दोन रात्री झोपलेली नाही. डॉक्टरला हे समजायला हवं होतं, तो उगाच खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

४ जून
तोडगा मीच काढला. अंगणाच्या टोकाला उन्हाळी स्वयंपाकघराची वेगळी खोली आहे, तिथे मी राहणार. मांजर घरात, मी इथे. दोघांचं छप्पर वेगळं. डॉक्टरचा शब्द पाळला गेला आणि सिलेक्शनही कायम. हे सांगायला घरी आलो, तर स्तामेनाने खाट इथे आणून अंथरूण घालूनही ठेवलं होतं. संसार असा हवा. न बोलता कळतं.

१५ जून
श्वास उत्तम. केस नाहीत, वास नाही. माश्या आहेत, पण माश्यांना केस नसतात.
मुलीचा ग्राझहून फोन. बुख्तला कशी आहे, विचारलं. मग मी कसा आहे तेही विचारलं.
ग्वोझ्देन भिंतीवरून डोकावला, म्हणाला, "काय शेजारी, बाहेर काढलं?" मी म्हणालो, आराम चालू आहे. त्याची मांजरी त्याच्या शेजारीच बसली होती. मी मान खाली घातली ती शरमेने नव्हे, ऊन डोळ्यांवर येत होतं.
स्तामेना संध्याकाळी सूप घेऊन येते. आधी अंगणात उभी राहून ब्रशने स्वतःला आपादमस्तक झाडते. आत येत नाही. उंबऱ्यापलीकडे बाकावर बसते. आम्ही बोलतो. ती बरंच बोलते, असं लक्षात आलं. मांजरीबद्दलच असतं सगळं, पण बोलते.
आज मी तिला सांगितलं की हा बंदोबस्त तात्पुरता आहे, शरद ऋतूपर्यंत माझी प्रकृती सायबेरियनला सरावेल, मग मी घरात येईन.
ती हो म्हणाली. रिकामी वाटी उचलली, घरात गेली आणि माझी हिवाळ्यातली दुलई घेऊन आली. स्वच्छ झाडलेली. उंबऱ्यावर ठेवली.