खिडकीतली फोडणी

१२ जून १९५७
फ्लूच्या साथीमुळे शाळा अजून बंद. म्हणजे आमचे हे मास्तर दिवसभर घरात! कॉफी निवली म्हणून टंबलर फेकून मारला. कपाळ सुजलं. शेजारच्या अलमेलु मामी आवाज ऐकून धावत आल्या. "पडली," यांनी हसून सांगितलं. मामी बराच वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या.

१३ जून
यांनी दाराला कडुनिंबाची डहाळी बांधली. घरात देवी आल्याची खूण! आता कुणी उंबरा ओलांडायचं नाही. दूधवालाही चरवी पायरीवर ठेवून गेला.
"आतां बोलाव तुझ्या मामीस!"
मला साधा तापही नाही.

१५ जून
पट्टा.

१७ जून
मामी रस्त्यावरूनच ओरडल्या — "कनकम्मा, बरी आहेस ना गं? तुझ्यासाठी मारियम्मन देवीला नवस बोलले!" हे माझ्या पाठीमागे उभे. लाज वाटली. राग त्याहून जास्त आला.

माहेरी तिरुवैयारुला आईला लिहावं तर टपाल यांच्या हातून जातं. ही वही तेवढी माझी. यांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, नागरी अक्षर मात्र ओळखता येत नाही.

१८ जून
देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत. देवीला तो ठसका सोसत नाही म्हणतात. मामी तर या बाबतीत कडक! आणि यांना रोज आंबट वरण हवंच.
शेगडी रस्त्याकडच्या खिडकीशी ओढली. मूठभर मोहरी, हिंग, सुकी मिरची. अख्खी गल्ली शिंकली असेल. मामींना कळायलाच हवं.

१९ जून
पुन्हा. "इतकी मोहरी कशास?" म्हटलं, फ्लूवर चांगली.

२१ जून
नगरपालिकेचे आरोग्य इन्स्पेक्टर शेषगिरी दारात. मागे मामी!
"देवीचा रोगी कोण?"
यांचं तोंड उतरलं. "कुणी नाही सर... आपली खबरदारी म्हणून —"
"मी," मी म्हटलं.
इन्स्पेक्टरांनी माझं कपाळ पाहिलं. दंड पाहिले. मामींकडे पाहिलं. म्हणाले, "गाडीत बसा."

२२ जून
गावाबाहेरची देवीच्या रोग्यांची शेड. दोन्ही बाजूंच्या खाटांवर खऱ्या देवी. लहानपणी टोचलंय, त्यावरच भरवसा. फार भीती वाटते. तरी झोप लागली.

२४ जून
तो मास्तर फाटकापर्यंत आला होता. आत सोडला नाही.
अंगावर एकही फोड नाही. नर्सबाईंनी पाठ पाहिली. कार्डावर लिहिलं — अजून तीन आठवडे इथेच.
मी म्हटलं, चार लिहा.