कंबरेच्या पट्ट्याची चौकशी

३ एप्रिल
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: कंबरेला पट्टा बांधला, की मी कुणाच्याही मदतीशिवाय भिलाईत राहू शकतो. धनंजयचा आरोप असा, की बाबांना आता झेपत नाही. सेक्टर सहाचा क्वार्टर सोडावा आणि आईसह पुण्याला यावे. कारखान्यात मी विभागीय चौकशा चालवल्या. पुराव्याशिवाय आरोप मान्य करण्याची मला सवय नाही. चिरंजीव महिनाअखेरीस प्रत्यक्ष पाहणीला येत आहेत.

४ एप्रिल
डॉक्टरांचे शब्द: पट्टा थोडे दिवस, व्यायाम कायमचा. पट्ट्याचा उल्लेख आधी आहे. अर्थात तोच मुख्य उपचार. व्यायाम आनुषंगिक. सोमवारपासून.

६ एप्रिल
पट्टा बांधण्यात आला. मोजे चढवण्यात आले. दिवाणाखाली गेलेली चप्पल काढण्यात आली. वाकण्याचा प्रसंगच आला नाही. पट्टा गुणकारी आहे, यात शंका नाही.
दुपारी पत्नी प्रेमला गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन पडली होती. कारण विचारले नाही. विषय माझ्या कंबरेचा आहे.

११ एप्रिल
शिंक आली. भिंत धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढे अंधार. देवाला हाक मारली गेली; ती पुराव्यात धरू नये. व्यायाम सोमवारपासून.

१७ एप्रिल, पहाट
कूस बदलता येईना. रडलो, असे प्रेमला म्हणते. मी ते नाकारतो. डोळ्यांतून पाणी आले, एवढेच खरे. पण पुण्यात, धनंजयच्या चौदाव्या मजल्यावर, ओळखीचा एक चेहरा नसताना ते कुणापुढे काढायचे? इथे निदान भाजीवाला सुखराम "का हाल हे, साहब" म्हणून विचारतो. क्वार्टर सुटता कामा नये. काहीही झाले तरी.

२८ एप्रिल
धनंजय आला. पट्टा सकाळीच, नेहमीपेक्षा आवळून, बांधण्यात आला. त्याच्यासमोर खुर्चीतून उठलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. कूलरमध्ये पाणी आधीच भरलेले होते. धनंजयने मान्य केले: राहा इथेच. निकाल माझ्या बाजूने.
तेवढ्यात प्रेमला म्हणाली, "तुमाले तर पट्टाच उठवते, पट्टाच चालवते. मंग माह्यं काय काम इथं? मी चालली धनंजयसंग. माह्यीबी कंबर मोडून राहिली."
तिच्या कंबरेचा मुद्दा ऐनवेळी उपस्थित झाला. हरकत घेतली. फेटाळली गेली.

३० एप्रिल, सकाळ
दोघे काल संध्याकाळच्या गाडीने गेले. पट्टा स्वहस्ते बांधण्याचा प्रयत्न. एक टोक हातात येते, तेव्हा दुसरे पाठीमागे निसटते. वेल्क्रो आधी बनियनला चिकटला, मग पडद्याला. ओढला. पडदा दांडीसकट खाली आला, त्यावर पट्टा. दोन्ही जमिनीवर आहेत. मी उभा आहे. वाकणे अशक्य.

३० एप्रिल, दुपार
पलंगावर आडवा. आडवे पडून पेन चालत नाही, म्हणून पेन्सिल. कूलर कोरडा. गाडीतून प्रेमलाचा फोन: जेवलो का, पट्टा बांधला का. दोन्हींना हो म्हणालो.
"मंग सांगा," ती म्हणाली, "बांधला कोणं?"
चौकशीत असा प्रश्न आला, की समोरचा प्यायला पाणी मागतो. पाणी स्वयंपाकघरात होते.

३० एप्रिल, संध्याकाळ
कबुली. पट्टा गुणकारीच आहे. चूक एकच झाली: तो रोज बांधणारीचा जबाब मी कधी घेतलाच नाही. आता घेईन, चौदाव्या मजल्यावर जाऊन घ्यावा लागला तरी. निघण्याची तारीख, कुणी येऊन मला उठवल्यानंतर ठरेल.

(सही) शामसुंदर देवतळे