डाव्या दाराची खडखड

३ नोव्हेंबर, सोमवार
संध्याकाळची फेरी झाली. बाळकुम, कापूरबावडी, माजिवड्याच्या पुलाखालून वळसा आणि परत आमच्याच बिल्डिंगखाली. इंजिन बंद करून म्हटलं, "आलं बघ घर." शैला उतरली. लिफ्टचं बटण स्वतः दाबलं. वर येऊन देवापाशी दिवा लावला, खिचडी पोटभर खाल्ली. जीव भांड्यात पडला.

पाच वाजत आले की हिची घालमेल सुरू होते. पिशवी भरते, चपला घालून दारात उभी. "अहो, चला ना घरी. किती वेळ बसायचं लोकांकडे?" घर म्हणजे डोंबिवलीचं, लग्नानंतरचं. ते सोडून जमाना झाला. समजावायला गेलं की ओरडते. पद्मिनीत बसवली, एक चक्कर मारली, की हेच घर तिला डोंबिवलीचं वाटतं. डॉक्टरांच्या गोळ्यांना जमत नाही ते ही म्हातारी गाडी करते. आमची मिनू म्हणते, "बाबा, तुम्ही आईला फसवताय." फसवतो. मग? मुलगी आहे, दोन तास येऊन जाते. रोजची संध्याकाळ माझी असते.

६ नोव्हें., गुरुवार
क्लच गेला. जागाही काय निवडली, माजिवड्याचा सिग्नल. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ, एक जण खाली उतरून "काका, म्युझियममध्ये ठेवा आता" म्हणून गेला. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मनात. शै. मात्र शांत. काचेला तळवा लावून बसलेली. दोघा रिक्षावाल्यांनी ढकलत म्हात्रेच्या गॅरेजपर्यंत आणली.

म्हात्रे बाळकुम गावातला. गाडी घेतल्यापासून तिला माझ्याखेरीज फक्त त्याचाच हात लागलाय. खाली वाकून बघितलं न् म्हणाला, "प्लेट गेली, सायेब. गारी र्‍हाऊ दे हितं. आता हिचा सामान शोधाला फिराला लागंल."
परत यायला रिक्षा केली तर शै. आत पाय टाकेना. चालत आलो, वाटेत तीनदा बसलो.

८ नोव्हें., शनि.
गाडी नाही. दोन्ही संध्याकाळी नरक. काल मला ढकललं, दाराची कडी ओढत राहिली, बोटं सोलली. आज कल्याणहून मिनू आली, जावयांच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीतून. म्हणाली, "गाडीच हवीय ना तिला, ही घ्या." आम्ही तिघं बसलो. कापूरबावडीपर्यंतसुद्धा गेलो नाही. शै. रडायला लागली, "मला कुठे नेताय? कोण तुम्ही?" मिनूचा चेहरा बघवेना. तिने गाडी वळवली.

निघताना चपला घालता घालता बोललीच. कल्याणला एक संस्था बघून ठेवलीय. स्वच्छ आहे, चोवीस तास नर्स, समोर बाग. मी म्हटलं, "तिचं घर इथे आहे." मिनू म्हणाली, "बाबा, तिला तेच तर माहीत नाही."
हातातला कप आपटला. कान तुटला त्याचा.

११ नोव्हें., मंगळ.
शेजारच्या जोशीवहिनी दुपारी शै.जवळ बसतात. देव भलं करो त्यांचं. मी म्हात्रेकडे. क्लच प्लेट भिवंडीत मिळाली. इंजिन खाली घेतलंच आहे तर म्हटलं सगळंच बघू. कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, ब्रेकचे पाइप बदलले. मिनूला बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही. गाडी ठणठणीत असली की कल्याणचा विषय बंद.

हात काळे झाले की मला तोंड फुटतं. म्हात्रेला हेराल्डच्या गोष्टी सांगितल्या. माझी पहिली गाडी. बॉनेट आख्खं पुढच्या बाजूला उघडायचं, मगरीने जबडा वासल्यासारखं. चाळीतली पोरं बघायला जमायची. लग्नानंतर पहिल्यांदा शै.ला घेऊन माळशेजला निघालो न् मुरबाडच्या अलीकडेच बसलो, फॅन बेल्ट तुटला. ती नवी कोरी नवरी, न मागता ओढणी काढून दिली, "बांधा ही." बेल्ट म्हणून ओढणी बांधली. दोन मैल चालली गाडी. माझ्यासारख्या माणसाशी हिचं जमेल हे मला तिथे कळलं. मग जीप आली, गेली. हेराल्ड विकली तेव्हा मी जेवलो नव्हतो, ह्यावरून मला आयुष्यभर चिडवलंय तिने.
दिवसभर मजा आली. घरी आलो, तिचं सोललेलं बोट बघितलं, आणि मजा आली ह्याचीच लाज वाटली.

१३ नोव्हें., गुरु.
आज डावं दार घेतलं. काच आतल्या आत खडखडायची, गाडी घेतली तेव्हापासून. शै.ने कितीदा सांगितलं असेल, "अहो, तेवढी काच बघा की." मी कसला बघतोय. इंजिनाचे टॅपेट कानाने लावण्यात मोठेपणा, दाराची काच म्हणजे फालतू काम. आज खाचेत नवं रबर बसवलं, कुलपाची पट्टी बदलली. दार लावलं तर नुसतं 'ठप्प'. साहेबाच्या गाडीसारखं. सीटलाही नवीन कव्हर. म्हटलं, चला, बायकोचं एक काम तरी झालं.

१५ नोव्हें., शनि.
गाडी आणली. पाच वाजता शै.ला खाली नेलं. गाडी बघून खुलली, माझ्याआधी जाऊन दारापाशी उभी. बसली. गेटबाहेर पडलो. थोडं गेल्यावर बघतो तर ही अंग चोरून बसलेली. "कुणाची गाडी आहे ही?" अगं, आपलीच. "नाही. आपली नाही ही. मला उतरवा." चालत्या गाडीचं दार उघडायला गेली. कशीबशी कडेला घेतली.
इतकं काम केलं. इतकं.

१६ नोव्हें., रवि.
सीटचं कव्हर असेल म्हणून जुनं फाटकं रेक्झिन परत चढवलं, त्यावर ती नेहमी अंथरायची तो टॉवेल. नाही. लांबूनच मान हलवली. डोकं फिरलं, ओरडलो तिच्यावर, पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर. ती घाबरली. माझ्याकडे बघत मागे मागे सरकत भिंतीला टेकली. असं व्हायला नको होतं.

१९ नोव्हें., बुध.
जोशीवहिनी दूध बघायला आत गेल्या, मी अंघोळीला. दार उघडं. हायवेच्या सर्व्हिस रोडला सापडली, पिशवी काखेत, एका फुलवाल्या बाईने हात धरून ठेवलेली. "डोंबिवलीची बस इचारते सारखी," बाई म्हणाली. ट्रक अंगावरून जातात तिथे.

मिनूला वहिनींनी कळवलं. फोनवर ती ओरडली नाही, तेच वाईट. "बाबा, ३० तारखेला, रविवारी सकाळी दहाला येते. आईचे कपडे भरून ठेवा. तुमच्याने नाही होत, आणि त्यात तुमची चूक नाही." मी म्हटलं, गाडीचं काहीतरी बघतो मी तोवर. ती म्हणाली, "बाबा, प्लीज. गाडी, गाडी, गाडी."

२४ नोव्हें., सोम.
सापडलं. गाडी उभी असतानाच शै.ला बसवली होती, सुरू न करता, दार उघडं ठेवून. तेवढ्याला कुरकुर केली नाही. मग दार लावलं. तिचा तळवा आपोआप काचेवर गेला. दाबला. सोडला. परत दाबला. काही हललं नाही. मग हाताकडे बघत बसली, काहीतरी हरवल्यासारखी.
इतकी वर्षं ती काच दाबत आली. प्रत्येक प्रवासात. ती खडखड हीच तिची गाडी होती. आणि मी शहाण्याने ती दुरुस्त केली. कपाळाला हात लावून बसलो.

२६ नोव्हें., बुध.
म्हात्रेला सांगितलं, रबर काढ. तो हसायला लागला. "आख्खा जलम आवाज कारन्यात गेला तुजा, न् आता आवाज घालाला निंगालास?" मग मी का ते सांगितलं. हसायचा थांबला. पाना घेऊन खाली बसला.
रबर काढलं तर टकटक येते. खडखड नाही. पट्टी सैल केली, आता किरकिर. जुनं रबर भंगारात गेलंय. आवाज घालवणं सोपं आहे हो, काय झिजलंय ते शोधायचं. वर्षानुवर्षं झिजून आलेला आवाज आणायचा कुठून?

२८ नोव्हें., शुक्र.
दिवसभर दार. काच उचलायच्या पट्टीचे स्क्रू अर्धे सोडले, खाचेत कानशीने घासलं. नीट केलेलं दार मुद्दाम खराब करतोय, हात धजत नव्हता. दुपारी म्हात्रे गाडी चालवत होता, मी तिच्या जागेवर बसून डोळे मिटलेले. ढोकाळीच्या खड्ड्यांवर एकदम आली. तीच. जवळजवळ तीच. मी तळवा लावला, थांबली. सोडला, सुरू. म्हात्रेने बघितलं नसेल तर बरं, रडलो मी.
कपडे भरलेले नाहीत. उद्या संध्याकाळी बघू. चालली तर मिनूला फोन करतो, येऊ नको म्हणून.

२९ नोव्हें., शनि.
शै. आत झोपलीय. बॅग अजून कपाटावर. मिनूला फोन केलेला नाही. काय सांगू? गाडी चालली म्हणून सांगू?

कारण चालली. पाच वाजता खाली नेलं, पुढचं दार उघडून धरलं. तिने माझ्याकडे बघितलं, मागचं दार उघडलं आणि मागे बसली. पदर सावरला. "डोंबिवली ईस्टला घ्या. आणि मीटर टाका आधी." मला वाटलं थट्टा करतेय. पूर्वी करायची.
थट्टा नव्हती.
निघालो. खड्डा आला, दार खडखडलं, आणि आरशात बघितलं तर ती सैल झाली. टेकून बसली, बाहेर बघत. किती दिवसांनी असा चेहरा बघितला. नेहमीचा वळसा घेऊन बिल्डिंगखाली आणली, म्हटलं, आलं घर. "हे कुठे आणलंत? डोंबिवली म्हटलं ना मी." आवाजात जरब. टॅक्सीवाल्याशी बोलायची ती. हात टेकले. गेटातून परत बाहेर काढली.

भिवंडी बायपासने माणकोलीच्या नव्या पुलावरून नेली. खाडीवर ऊन उतरलेलं. मी विचारलं, घरी कोण कोण असतं? "मिस्टर आहेत. मुलगी लहान आहे अजून." कसे आहेत मिस्टर? जरा विचार केला तिने. "चांगले आहेत हो. फार बोलत नाहीत. गाडीशीच बोलतात." आणि हसली. मी पुढे बघत चालवत राहिलो. समोरचं सगळं धुरकट झालेलं.

डोंबिवलीतली आमची जुनी बिल्डिंग पाडलीय. पत्रे लावलेत, आत क्रेन. मला वाटलं आता ही कोसळणार. पण तिला पत्रे दिसलेच नाहीत. "इथेच थांबा," म्हणाली. "हॉर्न द्या. मिस्टर येतील खाली मला न्यायला."
हॉर्न दिला. दोघं वाट बघत बसलो. कोणी येईना तशी पुढे वाकून मला म्हणाली, "ते ना, गाडीखाली असतील. ऐकू येत नाही मग त्यांना. अजून एकदा द्या."
मी परत दिला.