कडेचा बंदोबस्त

४ मे, सकाळ
आजपासून कामाला लागायचं. अक्काचं पहिलं बाळंतपण रीतीनं माहेरी, म्हणजे हितंच. ऑगस्टच्या शेवटाला तारीख आहे. काल दाजींचा फोन आला. सयाजीदाजी माणूस सरळ, बोलणं तिरपं. म्हणाले, शिवराज, गेल्या साली तुमच्या आतल्या खोलीची भिंत भिजून फुगली होती, बाळंतिणीला ओलीत निजवणार का? मी शब्द दिला. यंदा माळवदाच्या, म्हणजे आमच्या मातीच्या सपाट छताच्या, कडेनं एक थेंब भिंतीवर येणार नाही. आबा गेल्यापासून घरात पुरुष मी एकटाच. शब्द माझाच चालणार.

४ मे, दुपार
लई ऊन. वर पाय भाजतात. प्लॅनिंग सावलीतच बरं होतं.

११ मे
माती आणायला निघालो. पावसाच्या आधी माळवदावर पांढरी माती अंथरावी लागते, कडेला जास्त. ती पाणी आत सोडत नाही. खाण अक्कलकोट रोडला. माझा दोस्त अल्तमशचा टेंपो घेतला. तो म्हणाला, इतकं लांब आलोय तर मठात जेवून जाऊ. जेवलो. तिथं एक ट्रकवाला भेटला. अर्धं वाक्य कानडीत, अर्धं मराठीत. कलबुर्गीला चालला होता. मी कलबुर्गी बघितलं नव्हतं.

१६ मे
आलो. कलबुर्गीत पण ऊनच आहे. माती राहिली. आईनं शेजारच्या चनबसप्पाकाकांच्या बैलगाडीतून थोडी आणवली होती आणि पाटी डोक्यावर घेऊन एकटीच शिडी चढत होती. म्हटलं, मी आलोय ना आता. तिनं पुढची पाटी उचलली. भरवसा असला की माणूस वाद घालत नाही.

२३ मे
वर जाऊन पाहणी केली. मोठा शोध लागला. भिंत फुगते कुठं? बरोबर पन्हाळांच्या खाली. माळवदाचं सगळं पाणी त्या पत्र्याच्या पन्हाळांतून पडतं आणि वाऱ्यानं भिंतीवर उडतं. मग चोर कोण? पन्हाळ. इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. आबांच्या पण नाही. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, अर्धाच बघितला, नेट गेलं. पण आयडिया कळली. पन्हाळं बुजवायची आणि कडेनं वीतभर सिमेंटचा कट्टा घालायचा. पाणी कड ओलांडणारच नाही.

२ जून
झालं. स्वतः केलं. फोटो अक्काला पाठवला. आईनं खालूनच बघितलं आणि विचारलं, "आरं, मग पानी जायाचं कुटनं?"
मी सांगितलं, उन्हानं उडून जातं, सोलापूरचं ऊन आहे.
"पावसात ऊन आसतंय व्हय?"
जुन्या माणसांना नवीन टेक्निक पटायला वेळ लागतो.

२५ जून
चांगलं झोडपलं पावसानं. भिंत बाहेरून ठणठणीत कोरडी. दाजींना व्हिडिओ पाठवला. त्यांनी 'बरं' म्हणून पाठवलं. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच.

८ जुलै
अक्का आली. पोट लई मोठं दिसतंय. आईनं आतल्या खोलीत तिचं बाजलं टाकलं, भिंतीकडेला.

१९ जुलै
भिंत बाहेरून कोरडीच आहे. वरून मात्र ठिबकतंय. रात्रभर बाजलं इकडून तिकडं सरकवलं. सकाळी अक्का म्हणाली, "शिवा, वर तळं झालंय. बघ की जरा." मी बघितलं. तळं म्हणणं जास्त होतं. एक पन्हाळ थोडं मोकळं करतो म्हणालो. शिडी लावली आणि अल्तमशचा फोन आला. नातेपुत्याची खेप, सोबत माणूस पाहिजे. मित्राला नाही कसं म्हणायचं?

२७ जुलै, नातेपुते
गाव चांगलंय. अल्तमशचा टेंपो बिघडल्यामुळं मुक्काम वाढला. आईचा फोन होता. दाजी येऊन अक्काला घेऊन गेले. जाताना काही बोलले नाहीत म्हणे. म्हणजे रागावले नाहीत.

१० ऑगस्ट
चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला लागलो. घरासाठीच चाललंय हे सगळं. आईनं फोनवर विचारलं, मी चढू का वर, पहारीनं भोक पाडते. अजिबात नको म्हटलं, हे टेक्निकल काम आहे. पुढच्या रविवारी येतो.

१७ ऑगस्ट, रविवार
रूमवरच्या पोरांची क्रिकेटची मॅच होती आणि त्यांना विकेटकीपर नव्हता. आता पुढचा रविवार पक्का.

२१ ऑगस्ट
चनबसप्पाकाकांचा फोन. भर पावसात आई पहार घेऊन वर गेली होती. पहिला घाव घातला आणि अख्खी कड तिच्यासकट खाली आली, आतल्या खोलीची भिंत घेऊन. खुब्याचं हाड मोडलं. काका म्हणाले, "तुझ्या कट्ट्याला काय झालं न्हाय बघ. सबंधच्या सबंध पडलाय."
सिमेंट मी चांगल्यातलंच घेतलं होतं.

२९ ऑगस्ट
अक्काला मुलगी झाली, सासरी. आई दवाखान्यात, त्यामुळं अक्काजवळ आपलं असं कुणी नव्हतं. मी गेलो असतो. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम?

६ सप्टेंबर
आईला दवाखान्यातून घरी आणलं. घर म्हणजे पुढची खोली. भिंत होती तिकडं बघत ती पडून राहिली. दुपारी दाजी जीप घेऊन आले. मला वाटलं भेटायला आले. ते तिला न्यायला आले होते.
अक्काच्या लग्नापासून आईनं तिच्या घरचं घोटभर पाणी घेतलेलं नाही. लेकीच्या घरचं खायचं नाही, ही तिची रीत. व्याह्यांनी हात जोडले तरी उपाशी परत यायची. आज चौघांनी चादरीत उचलून तिला त्याच घरी न्यायला जीपमध्ये ठेवलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.
मी म्हटलं, दिवाळीपर्यंत भिंत उभी करतो, या वेळी वेगळा प्लॅन आहे.
ती पदराआडून म्हणाली, "दाराला कडी घाल."
घातली. बाजूची भिंत नाही, पण कडी घातली.
दाजींनी मला चल म्हटलं नाही. गाडीत जागाच नव्हती. मागची सगळी सीट आईच्या पायाला लागली. आणि पुढच्या सीटवर तिची पिशवी होती.