सूनबाईच्या बारा नळ्या

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा लाकूड कापण्याची गिरणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने व शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी आज मला तपासले. वार, तारीख आणि सात नव्वे किती, ते विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. कोणाचा दबाव नाही. दबाव आणील असे घरात कोणी उरलेले नाही.

१. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ धाकट्या भावास द्यावे. तीस वर्षे मागतो आहे. ते रोज दहा मिनिटे मागे पडते. माझ्या मुलाला स्मशानात पोचवून आलो, त्याच दिवशी हा ओसरीवर म्हणाला होता, "शिकलेली सून आणलीस, पोराला खाऊन बसली." तेव्हा मी मान डोलावली. म्हणून त्याला फक्त घड्याळ. तेवढाच दोष माझाही आहे, पण मला घ्यायला काही उरत नाही.

२. राहते घर विकून येईल ते गिरणीच्या सहा कामगारांत सारखे वाटावे. धार लावणारे मिस्त्री सातवे. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून त्यांना धारेचे यंत्र आणि कानशी मी हयातीतच दिल्या आहेत.

३. गिरणी, मागची शेड, शेडमधला फ्रिज व त्यातल्या बारा काचनळ्या माझ्या सुनेस द्याव्यात. विकायचा, मोडायचा, कुलूप लावायचा पूर्ण हक्क तिचा. हे का, ते लिहिणे भाग आहे.

सून जिवाणूंची अभ्यासक. गिरणीमागे भुशाचा जुना ढीग होता. त्याच्या तळचा काळा, कुजका भुसा तिने चमचाभर उचलून नेला आणि त्यात लाकडाचा चिवट भाग खाणारे जिवाणू शोधून काढले. त्यांना खायला भरपूर द्यायचे, पण नत्र तोडायचे. मग त्यांची वाढ थांबते आणि खाल्लेले सगळे तेल होऊन अंगात साठते. मुलगा म्हणाला, "म्हणजे बाबांसारखंच. काम बंद, पोट चालू." तो तिच्या कामात इतका रमला की कामगार त्याला भुसाशेठ म्हणू लागले.

तीन वर्षांनी त्या तेलाचे बाटलीभर इंधन झाले. मुलाने ते गिरणीच्या पंपात ओतले. पंप अकरा मिनिटे चालला. दोघे लहान मुलांसारखे ओरडत होते. मी म्हणालो, "अकरा मिनिटांत एक फळीसुद्धा होत नाही." खरे तर चार होतात.

पुढच्या वर्षी सुनेने ढिगात लांब दांड्याचा तापमापक खुपसला आणि धावत कार्यालयात आली. हातात चिठ्ठी होती: "ढीग आतून पेटायला आला आहे. आजच फोडून पसरा. वर कोणी चढू नये." मिस्त्री समोरच उभे होते. ढीग फोडायचे यंत्र त्या दिवशी माल भरण्यात गुंतले होते. मी म्हणालो, "उद्या बघू," आणि चिठ्ठी खणात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धूर दिसला. मुलगा पाण्याचा पाइप घेऊन वर चढला. ढीग आतून जळून पोकळ झाला होता. वरचा थर खचला. तो चौतीस वर्षांचा होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

चौकशीत मी सांगितले, ढीग सुनेच्या प्रयोगाचा होता, धोक्याचे ती काही बोलली नव्हती.

ती म्हणाली, "मी बाबांना चिठ्ठी दिली होती."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "कसली चिठ्ठी?"

मिस्त्री खाली बघत राहिले. त्यांनी माझे मीठ खाल्ले होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

तिच्या संशोधन संस्थेने तिचे काम बंद केले, तिथल्या नळ्या नष्ट केल्या. आता ती दुसऱ्या गावी शाळेत विज्ञान शिकवते. पत्नीने मला एकदाच विचारले, "तिनं सांगितलं होतं ना तुम्हाला?" मी नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारले नाही. मात्र मरेपर्यंत सुनेची खोली तीच झाडत राहिली.

शेडमधल्या नळ्या तेवढ्या राहिल्या. सुनेच्या वहीत लिहिले होते की दर महिन्याला तारेच्या टोकाने जुन्या नळीतला कण नव्या नळीत लावावा, नाहीतर जिवाणू मरतात. मी ते करू लागलो. पहिल्या वर्षी नळ्यांना बुरशी आली, तेव्हा तिला फोन केला.

"नळ्यांवर पांढरं आलंय. काय करू?"

ती म्हणाली, "जिवंत ठेवलेत?"

"हो. तुला पाठवू का?"

"ठेवू कुठे? तार लाल होईपर्यंत तापवा. गार झाली की मगच लावा. आणि तोंडाला फडकं बांधा." मग म्हणाली, "मला पुन्हा फोन करू नका."

आठवड्याने जिवाणूंच्या खाद्याच्या भुकटीचे पाकीट टपालाने आले. सोबत पत्र नव्हते. दरवर्षी एक येते. ते माझ्यासाठी नाही, हे मी जाणतो.

४. ती चिठ्ठी मी कधी फाडू शकलो नाही. तिची नक्कल व चौकशीतला माझा तो खोटा जबाब होता अशी कबुली चौकशी कार्यालयाला आणि तिच्या संस्थेला आजच पाठवली आहे. टपालाची पावती सोबत आहे. मूळ चिठ्ठी सुनेला द्यावी. हे कलम गिरणीच्या अंगणात, कामगारांसमोर, भावासमोर मोठ्याने वाचावे.

५. तिने काहीच घ्यायचे नाही म्हटले, तर कोणी आग्रह करू नये, माफीचा विषय काढू नये. तसे झाल्यास नळ्या वाफेच्या दाबाखाली वीस मिनिटे ठेवून नष्ट कराव्यात. ते काम डॉक्टरांनी करावे. गेल्या महिन्यात मी कुकर गॅसवर चढवला होता. माझ्याने झाकण लावले गेले नाही.

६. अंमलबजावणी वकिलांनी करावी. त्यांनी टंकून आणलेल्या मसुद्याच्या चौथ्या कलमात "गैरसमजातून दिलेला जबाब" असे होते. म्हणाले, "कायद्याच्या दृष्टीनं हे सोयीचं आहे." मी ते शब्द खोडून वर माझ्या हाताने "खोटा जबाब" असे लिहिले आहे. खाडाखोड माझीच आहे, तिच्यावर माझी वेगळी सही आहे.

ठिकाण: गिरणीचे कार्यालय
दिनांक: ११ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणार: (सही) गिरणीमालक

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टर. यांना तपासले, शुद्धीवर आहेत.
२. (सही) धार लावणारे मिस्त्री. सही माझ्यासमोर झाली. चिठ्ठी दिली तेव्हाही मी समोर होतो.