पाइपाले न्हाऊ घातलं त्याची हकीकत

अकोला, धुळवड

सौ. शकुनताईस धाकट्या उद्धवचा दंडवत.

चांदूर रेल्वेले सगळे बरे असतील, भाऊजींचा गुडघा वाकू लागला असेल, असं धरून चालतो. मी ठणठणीत. (तुझी भावजय देवाघरी गेली तवापासून जेवण डब्याचं, पण तेल भरपूर असते.) फक्त आमचा केमिकलचा कारखाना बंद पडला अन् साहेबानं मले सुट्टी देली. मले नको होती.

त्याचं असं झालं. दसऱ्याले कारखान्यात मशिनींची पूजा असते. आम्ही गरम रसायनाचा स्टीलचा पाइप धुतला, हळदीकुंकू लावलं. असा चमकला की साहेब पहिल्यांदाच मले "वा" म्हणाला. मंग काय! ड्युटी सुटली की बाकीचे घरी पळत. मी घरी जाऊन कोणाशी बोलू? म्हणून रोज बोअरच्या पाण्यानं पाइप धूत बसलो. त्याच्याशी बोलत बी होतो. (हे भाऊजीले वाचून दाखवू नको.)

आता इकडचं खारपाणपट्ट्यातलं पाणी! त्यात डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही, अन् तेच मी तापल्या पाइपावर ओतून राहिलो. पाणी उडून जाय, मीठ राहून जाय. वेल्डिंगच्या सांध्यापाशी स्टील आधीच ताणलेलं असते. त्याले मीठ अन् उष्णता लागली की केसाएवढ्या भेगा पडतात, अन् वरून गंजाचा ठिपका दिसत नाही, हे मले मागून कळलं. परवा त्या भेगांतून पाझरून पाइपाले घाम आला, तं मी तो बी फडक्यानं पुसला! मंग फुसकन् वाफ. कोणाले लागलं नाही, देवाची कृपा. नागपूरच्या तपासनीसानं वेल्डर बुधाजीले धारेवर धरलं. मी म्हटलं, अरे बाप्पा, त्याले काहून रागावता, न्हाऊ घालणारा मी आहे. सगळे इतके हसले की साहेबाले रागावताच येईना. पाइप बदलेपर्यंत घरी आराम करा म्हणे. घरी! त्या घरात घड्याळाचा बी आवाज मोठा येते, ताई. मले तिथं बसवत नाही.

बाकी मजेत.

तुझा,
उद्धव

ता. क. : दिवाळीत तू राहाले बोलावलं, तवा मी वेळ नाही म्हणून तोऱ्यात फोन ठेवला होता. आता वेळ आहे. मंगळवारी गाडीनं येतो.

आणखी ता. क. : भाऊजीले सांग, उद्धव नळ दुरुस्त कराले येऊन राहिला. एकही गळत नसला, तं तू एखादा ढिला करून ठेव.