पत्रिकेत राहून गेलेलं पाचवं नाव

चिरंजीव उल्हास यास नोएडाहून अक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझी स्मरणशक्ती कुठे ठेवली आहेस ते आधी शोध, निखिलच्या लग्नात लागेल. पत्रिका मिळाली, पण पाकिटावर तू आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरचा पत्ता घातला होतास. राघव निवृत्त झाला, क्वार्टर सुटला, त्याला सहा वर्षं झाली. वास्तुशांतीला तू स्वतः इथे येऊन तीन वेळा श्रीखंड मागून घेतलं होतंस. जुन्या शेजारणीनं बिचारीनं मेट्रोनं येऊन पत्रिका हातात दिली. असो. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही जागेवर आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

पत्रिकेवर आमच्या घरची चार नावं आहेत: राघव, स्वरूपा, मृणाल आणि मी. पाचवं राहिलं. परवा फोनवर तू म्हणालास, सगळे या, कुत्रं तेवढं दिल्लीत ठेवा, देवकार्याचं घर आहे. आता मृणाल म्हणते की तिला ऑफिसातून रजाच मिळत नाही. म्हणजे साताऱ्याला आम्ही तिघंच येणार. माझी काही तक्रार नाही. (मी कधी केली आहे?) पण जिला तू ‘कुत्रं’ म्हणालास ती कोण, हे तुला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

पत्र मृणालच लिहिते आहे. मला अक्षरओळख नाही, तिला डोळ्यांनी दिसत नाही. मी बोलते, ती तिच्या कॉम्प्युटरवर बडवते आणि तो कॉम्प्युटर नाकात बोलून सगळं परत वाचून दाखवतो. शाळेत गेलेला तूच, आणि पत्ता चुकवलास तूच.

मृणालची नजर सतराव्या वर्षी गेली ते तुला आठवत असेल. (आठवतं ना?) तेव्हापासून तिला कॉलेजात, मग ऑफिसात न्यायचं-आणायचं काम राघवचं. ऑफिस सुटलं की खाली गाडी उभी. मैत्रिणी चाट खायला निघाल्या तरी गाडी उभी. गेल्या वर्षी या मुलीनं जाहीर केलं की मी वाट दाखवणारी कुत्री आणणार. दक्षिणेत एक बाई अशी कुत्री शिकवून तयार करतात, त्यांच्याकडे महिनाभर राहिली आणि येताना सोनेरी केसांची, गंभीर चेहऱ्याची एक लॅब्राडोर घेऊन आली. नाव ब्रूक. हे काय नाव आहे? जेवण जास्त झाल्यासारखं वाटतं. मी तिला बकुळा म्हणते. ती इंग्रजी जाणते, फॉरवर्ड, लेफ्ट, राइट सगळं. घरात न शिकलेली आता मी एकटीच.

मी पहिल्यापासून तिच्या बाजूची होते. स्वरूपानं केसांचा विषय काढला, राघवनं सोफ्याचा. मी एक शब्द बोलले नाही. (मृणाल इथे टंकायची थांबली आहे. थांबू नकोस ग, पुढे लिही.)

पहिली लढाई लिफ्टपाशी झाली. सोसायटीचे सेक्रेटरी भाटियाजी यांनी कागद चिकटवला की जनावरांनी सामानाच्या लिफ्टनं जावं. मृणालनं शांतपणे सांगितलं, “अंकल, ये पालतू नहीं है, ये मेरे साथ काम करती है.” भाटियाजी म्हणाले, रूल इज रूल. मी आपली मागे भाजीची पिशवी घेऊन उभी. भाटियाजी दर रविवारी भैरोंच्या, म्हणजे आपल्या काळभैरवाच्या मंदिरात जातात, ते मला ठाऊक होतं. मी विचारलं, “भाटियाजी, भैरोंबाबा का कुत्ता कौनसी लिफ्ट से आता है?” संध्याकाळी कागद त्यांनी स्वतःच काढला. आता लिफ्टमध्ये गर्दी असली तर तेच ओरडतात, “हटो भई, मैडम ड्यूटी पर हैं!” मैडम म्हणजे मृणाल नव्हे, बकुळा.

मग मृणाल एकटी मेट्रोनं ऑफिसला निघाली, तो दिवस. राघव म्हणाला, दूध आणतो. (पिशवी न घेता.) स्वरूपा म्हणाली, टेलरकडे जाते. मी म्हटलं, दत्ताच्या देवळात जाऊन येते. वार होता मंगळवार. पाच मिनिटांनी आम्ही तिघं नारळपाण्याच्या एकाच गाडीमागे एकमेकांना भेटलो. गाडीवाला म्हणतो, “माताजी, नारियल पीना है या छुपना है?” समोर मृणाल रस्त्याच्या कडेला उभी. तिनं सांगितलं, फॉरवर्ड. बकुळा हलली नाही. पुन्हा सांगितलं, तरी हलली नाही. उलट आडवी होऊन मृणालच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली. राघवनं माझं मनगट एवढं दाबलं की बांगडी पिचली. तेवढ्यात उलट्या दिशेनं एक ई-रिक्षा आली, ना आवाज, ना हॉर्न, आणि मृणालच्या पावलांपासून हातभरावरून निघून गेली. मग बकुळेनं डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि तिला घेऊन निघाली, जसं काही आपणच आत्ता विचार करून ठरवलं आहे. धोका असेल तर मालकिणीचा हुकूम मोडायचा, हे म्हणे त्यांना शिकवतात. आपल्या घराण्यात हुकूम मोडणारे पुष्कळ झाले रे, पण त्यात कुणाचा जीव वाचल्याचं मला आठवत नाही.

पलीकडे पोचल्यावर मृणालनं मान न वळवता हाक मारली, “बाबा, दूध घ्या आणि घरी जा! आईलाही न्या!” बकुळेची शेपटी हलली की तिच्या पाठीवरच्या पट्ट्याची मृणालच्या हातातली मूठ हलते, आणि ती शेपटी रस्त्यावर कुणा परक्यासाठी हलत नाही.

राघव घरी येऊन दुपारपर्यंत गाडीची किल्ली हातात घेऊन बसला होता. केस, वास, सोफा, सगळ्यावर आम्ही भांडलो होतो. या हाताला आता काम उरणार नाही, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

आता माझा गुन्हा सांगते. पाठीवरच्या त्या मुठीच्या पट्ट्याला हार्नेस म्हणतात. तो चढला की बकुळा कामावर. तिच्याशी बोलायचं नाही, गोंजारायचं नाही, खायला तर मुळीच द्यायचं नाही. पण गुरुवारी दत्ताचा नैवेद्य कुत्र्याला घालायचा, हे मी सत्तर वर्षं करते आहे. दारात साक्षात कुत्री असताना नैवेद्याची पोळी घेऊन मी गल्ल्या धुंडाळू? तीन गुरुवार मी फाटकाजवळच्या बाकावर बसले आणि मृणाल जाताना तूप लावलेली पोळी पदराआडून हळूच पुढे केली. बकुळेनंही चालता चालता आवाज न करता घेतली. आम्हा दोघींना वाटलं, देवाचं काम झालं.

चौथ्या गुरुवारी मला सर्दी. मी घरात, बाक रिकामा. बकुळा मला शोधत बाकाकडे वळली, मृणाल तिच्या भरवशावर वळली आणि उभ्या स्कूटरवर जाऊन आदळली. नडगी फुटली. घरी आली, पाय धुतला आणि म्हणाली, “आजी, दर गुरुवारी हिच्या तोंडाला तुपाचा वास कसा येतो ग?” मी रामरक्षा म्हणायला लागले. तिनं दक्षिणेतल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सवय मोडली नाही तर कुत्री परत न्यावी लागेल. उल्हास, मी रामरक्षा अर्ध्यावर सोडली आणि फोनजवळ जाऊन बसले.

उपाय असा निघाला की मीच रोज सकाळी त्या बाकावर तूप-पोळी हातात धरून बसायचं आणि द्यायची नाही. बकुळेनं जवळून सरळ निघून जायचं. म्हातारपणी मी कुत्र्यांच्या शाळेतलं सामान झाले. पहिल्या दिवशी ती थबकली. तिसऱ्या दिवशी नुसता नाकाचा शेंडा वळला. सहाव्या दिवशी अशी गेली, जशी मी आणि पोळी तिला कधी भेटलोच नव्हतो. हात पुढे न करायची सवय लागायला मला मात्र पंधरा दिवस लागले. आता गुरुवारी मी दत्ताला काकडी दाखवते, कारण डॉक्टरांनी तिला तूप बंद केलं आहे. संध्याकाळी हार्नेस उतरला की मृणालची परवानगी घेऊन ती काकडी तिला देते. दत्तानं अजून कुरकूर केलेली नाही.

गेल्या महिन्यात मृणाल मैत्रिणींबरोबर चाट खाऊन रात्री आठला घरी आली. राघवनं विचारलं, कशी होती ग? ती म्हणाली, “तिखट.” एवढंच सांगितलं, पण चेहरा असा, जशी काशीला जाऊन आली आहे.

असो. बाकी सर्व क्षेम. सर्वांना आशीर्वाद.

तुझी अक्का

ता. क. १: मामाआजोबा, मी मृणाल. आजी पहिल्यापासून बाजूची नव्हती. ब्रूक आली त्या दिवशी आजी देवघरासमोर पाट आडवा टाकून बसली आणि रात्रीपर्यंत चहासुद्धा घेतला नाही. आता ती पाठ मोडेपर्यंत ब्रूकला स्वतः विंचरते. लग्नाला खूप शुभेच्छा. रजेचं खरंच जमत नाही.

ता. क. २: हे बोलते आहे मीच, अक्षर फक्त स्वरूपाचं. मृणाल बकुळेला घेऊन खाली गेली आहे, तोवर तिच्याकडून लिहवून घेते. रजा आहे. मृणालनं चार दिवसांची मागितली होती, मिळालीही होती. तुझा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता आणि ती शेजारी मटार सोलत होती. तू म्हणालास, “पोरीला काय, कुणीतरी हात धरून फिरवेल.” ती सोलत राहिली, पण साली पातेल्यात जायला लागल्या आणि दाणे कचऱ्यात. अकरा वर्षांत तिचा एक दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता. तुझ्या देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत. त्यांना देवकार्याच्या दिवशी तू कुठे ठेवणार आहेस? आणि एक ऐक: मृणाल येणार नसेल तर मीही येत नाही. राघवला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर लिहीत बसू नकोस, पत्ता चुकवशील, आणि ते मला वाचून दाखवताना मृणाल शेजारीच असणार. पाचवं नाव चालत असेल तर इकडे येणाऱ्या कुणाच्या हाती कंदी पेढे पाठव. डबा उघडला की मी बघून वाचीन, मृणाल वासानं वाचेल, आणि बकुळेनं तर तो लिफ्टमध्येच वाचलेला असेल. एक किलो पाठव, चांगले खरपूस भाजलेले. आणि तिच्यासाठी मांडवात दोन काकड्या, कडू नसलेल्या.